'समजलं का?' विचारू नका : ठाणे-नवी मुंबईच्या वॉर्डात नव्याने रुजू होणाऱ्या नर्ससाठी

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंग पूर्ण झालं, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात आलं आणि कळवा, वाशी, नेरुळ नाहीतर कामोठ्याच्या एखाद्या रुग्णालयात ड्युटी लागली, की पेशंटला शिकवण्याचा कॉलेजातला सराव, म्हणजे 'हेल्थ टॉक', फारसा उपयोगी पडत नाही हे लवकरच कळतं. तिथे चार्टपेपर होता, स्केचपेनने रंगवलेलं स्वादुपिंड होतं, लेसन प्लॅन होता आणि ऐकायला वर्गमैत्रिणी होत्या. मार्क बऱ्याचदा चार्टलाच मिळायचे. वॉर्डात औषधांची ट्रॉली अर्ध्यावर सोडून शिकवायचं असतं, आणि समोरचा पेशंट काहीही विचारलं तरी म्हणतो, "हो सिस्टर."

हा 'हो' धोक्याचा. पेशंटला परत विचारायची लाज वाटते, डोक्यात बिलाचा आकडा फिरत असतो, किंवा सिस्टर घाईत आहे हे त्याला दिसत असतं. म्हणून 'समजलं का?' हा प्रश्न टाकूनच द्या. त्याऐवजी विचारा : "आजी, घरी गेल्यावर सूनबाईंना हे कसं सांगाल?" "काका, मी नीट दाखवलं की नाही ते बघायचंय, एकदा तुम्ही भरून दाखवा." परीक्षा आपल्या सांगण्याची आहे, त्यांची नाही, हे बोलण्यातून कळलं पाहिजे. या पद्धतीला टीच-बॅक म्हणतात. चुकलं तर तेच वाक्य मोठ्या आवाजात पुन्हा म्हणू नका. शब्द बदला, वस्तू हातात द्या. आणि एका वेळी तीनच मुद्दे. चौथा सांगितलात तर पहिला जातो.

त्याआधी कोणाला शिकवायचं ते ठरवा. रात्री थांबणारा भाचा, सकाळी डबा आणणारी मुलगी आणि घरी गोळ्या काढून देणारी सून ही तीन वेगळी माणसं असतात. भाच्याला सगळं पाठ करून दिलं तरी तो डिस्चार्जनंतर डोंबिवलीला त्याच्या घरी जातो. भरतीच्याच दिवशी चार गोष्टी विचारून फाइलमध्ये लिहा : स्वयंपाक कोण करतं, गोळ्या कोण देतं, घरात वाचता कोणाला येतं, आणि पेशंटला जवळचं दिसतं का. शेवटचा प्रश्न सगळ्यात जास्त राहून जातो. वयस्कर माणसं भरती होताना चष्मा घरी ठेवून येतात, आणि आपण त्यांना सिरिंजवरच्या केसाएवढ्या रेघा दाखवत बसतो. पहिलं काम म्हणजे फोन करून चष्मा मागवायचा.

शिकवायला सगळ्यात वाईट वेळ कुठली, तर डिस्चार्जची. नातेवाईक बिलिंगच्या खिडकीत, पेशंट कपडे बदलून बसलेला, कॅशलेसची मंजुरी यायची आहे, रिक्षा खाली थांबवायची की नाही यावर वाद. अशात दिलेली माहिती सामानाबरोबर पिशवीत जाते. रोज औषध देतानाच अर्धा मिनिट खर्च करा : "ही प्रेशरची, सकाळी एक." दुसऱ्या दिवशी गोळी तळहातावर ठेवून त्यांनाच विचारा, ही कशाची. इन्सुलिन नवीन असेल तर पहिल्या दिवशी तुम्ही दाखवा, दुसऱ्या दिवशी सिरिंज त्यांच्या हातात आणि तुमचा हात सोबत, तिसऱ्या दिवशी तुम्ही हात मागे बांधून उभ्या राहा.

इन्सुलिनवर जास्त वेळ द्यावा असं आमचं मत आहे, कारण घरी सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक वेळा १ मिलीला ४० युनिट या ताकदीचं असतं, इन्सुलिन पेनमधलं १०० चं. सिरिंजही दोन प्रकारच्या मिळतात : ४० ची, सहसा लाल टोपणाची, आणि १०० ची, सहसा केशरी टोपणाची. ४० च्या बाटलीतून १०० च्या सिरिंजमध्ये '२०' च्या रेघेपर्यंत भरलं तर आत फक्त ०.२ मिली, म्हणजे ८ युनिट जातात. पेशंट म्हणतो, रोज घेतो तरी शुगर उतरत नाही. उलट झालं, म्हणजे १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये '२०' पर्यंत भरलं, तर ५० युनिट जातात, आणि ते जिवावर बेततं. पेशंटला हे गणित सांगू नका. एवढंच पक्कं करा : केमिस्टला 'इन्सुलिनची सुई द्या' म्हणायचं नाही, बाटली पुढे करायची, तिच्यावरचा ४० दाखवायचा आणि सिरिंजवरही ४० च आहे हे बघून घ्यायचं.

३०/७० सारखं मिश्र इन्सुलिन (लवकर आणि सावकाश काम करणारं एकत्र) दुधाळ असतं. बाटली उभी राहिली की पांढरा साका तळाशी बसतो. दोन्ही तळव्यांत दहा वेळा फिरवायची, दहा वेळा हळू उलटसुलट करायची. हलवून फेस आणला की बुडबुडे येतात आणि डोस कमी भरतो. पाण्यासारखं स्वच्छ असणारं इन्सुलिन गढूळ दिसलं तर ते वापरायचं नाही. दोन बाटल्या असतील तर कुठली फिरवायची आणि कुठली नाही हे पेशंटकडून बोट ठेवून दाखवून घ्या.

भरताना जेवढे युनिट काढायचे तेवढी हवा आधी बाटलीत सोडायची, मग बाटली उलटी धरून सुईचं टोक द्रवाच्या आत ठेवून ओढायचं. नवखे लोक टोक वर काढतात आणि हवा ओढतात. टोचायला पोट सगळ्यात सोयीचं, बेंबीपासून दोन बोटं सोडून. रोज जागा थोडी सरकवायची. ज्या जागी दुखत नाही तिथेच वर्षानुवर्षं टोचणारे पेशंट भेटतील. तिथे चरबीची गाठ तयार होते, म्हणून तर दुखत नाही. गाठीतून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही, शुगर वाढते, डॉक्टर डोस वाढवतात. मग एक दिवस पेशंट चांगल्या जागी टोचतो आणि वाढलेला सगळा डोस एकदम लागू पडून शुगर कोसळते. त्यामुळे जुन्या पेशंटला काही सांगण्याआधी पोटावरून हात फिरवून बघा.

पेन असेल तर दर वेळी आधी २ युनिट हवेत सोडून टोकाला थेंब दिसतो का पाहायचं, आणि बटण पूर्ण दाबल्यावर मनात दहापर्यंत मोजून मगच सुई काढायची. लगेच काढली की औषध पोटावर ओघळतं.

न उघडलेल्या बाटल्या फ्रिजच्या दारात, २ ते ८ अंशांत. फ्रीजरमध्ये किंवा त्याच्या पत्र्याला टेकून नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन टाकून द्यावं लागतं. वापरातली बाटली खोलीत साधारण चार आठवडे चालते, पण एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या घरात ती खोली तीस अंशांच्या खूप वर जाते. फ्रिज नसेल तर बाटली प्लास्टिकच्या पिशवीत नीट बांधून, पाणी भरलेल्या मातीच्या माठात. उघडल्याची तारीख मार्करने बाटलीवर लिहायला लावा.

आता वेळ. मिश्र इन्सुलिन साधारणपणे जेवणाआधी अर्धा तास घ्यायला सांगतात. आपण 'नाश्त्याआधी अर्धा तास' सांगून मोकळे होतो. पेशंट मात्र सकाळी सहाला घरी इंजेक्शन घेतो, ठाण्याहून ट्रान्स-हार्बर पकडतो, घणसोली नाहीतर तुर्भ्याला उतरतो आणि डबा उघडतो आठला. मधल्या गर्दीत घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. म्हणून आधी विचारा : पहिला घास किती वाजता आणि कुठे? नाइट शिफ्टवाल्याला 'रात्री झोपताना' या शब्दांचा अर्थ सकाळी नऊ असा होतो, हेही लक्षात असू द्या. हे सगळं डॉक्टरांच्या कानावर घाला. डोस किंवा वेळ आपण आपल्या मनाने बदलायची नाही.

शुगर ७० च्या खाली गेली किंवा तशी लक्षणं आली की तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून घ्यायची, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा तपासायचं, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढंच. सावरलं की पोळी-भाजी काहीतरी खायचं. चॉकलेट किंवा पेढा नाही, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन करायचा. साखरेची पुडी खिशात हवी, लोकलच्या रॅकवर ठेवलेल्या बॅगेत नाही.

उपवासाचं बोलणं बहुतेक जणी टाळतात. 'उपवास करायचा नाही' म्हटलं की आजी मान डोलावतात आणि गुरुवार, चतुर्थी, एकादशी सगळं चालू ठेवतात, फक्त तुम्हाला सांगत नाहीत. त्यापेक्षा "कोणते वार धरता? त्या दिवशी काय खाता, किती वाजता?" असं विचारा. साबुदाण्याच्या खिचडीने शुगर झपाट्याने चढते, आणि नुसत्या चहावर राहून इन्सुलिन घेतलं तर उतरते, दोन्ही सांगा. मुंब्रा-कौशातल्या पेशंटशी रोज्यांबद्दल रमजानच्या महिना-दीड महिना आधी बोलणं व्हायला हवं, म्हणजे डॉक्टरांना सहेरी-इफ्तारप्रमाणे औषधं बसवून देता येतात.

दम्याच्या पेशंटचं थोडक्यात. पंपाचा, म्हणजे फवारा मारणाऱ्या इनहेलरचा, श्वास सावकाश आणि खोल घ्यायचा, कॅप्सूल टाकायच्या यंत्राचा जोरात आणि खोल. दोन्ही उलट आहेत, आणि कित्येकांकडे दोन्ही असतात. यंत्रात फुंकायचं नाही, ओलाव्याने पावडर चिकटते. कॅप्सूल गिळणारे पेशंटही असतात, कारण पाकिटात कॅप्सूल दिसली की ती पाण्याबरोबर घ्यायची हे सगळ्यांना ठाऊकच असतं! 'ही पोटात जायची नाही' हे वाक्य आवर्जून म्हणा. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरून थुंकायची. पंप संपला का ते हलवून कळत नाही. लेबलवर २०० फवारे असतील आणि रोज चार घेत असतील तर पन्नास दिवस. संपायची तारीख कॅलेंडरवर लिहून द्या.

रक्तदाबवाल्याला 'मीठ कमी खा' म्हणणं म्हणजे काहीच न सांगणं. माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, हे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेचं. घरात चार माणसं असतील तर एक किलोची पुडी किमान पन्नास दिवस पुरायला हवी. "वहिनी, मिठाची पुडी किती दिवस जाते?" एवढं विचारलं की उत्तर समोर येतं. लोणचं, पापड, फरसाण वेगळं. आगरी-कोळी घरात खारवलेल्या सुक्या मासळीबद्दल नाव घेऊन विचारा. ती बंद करा म्हणालात तर कोणी ऐकणार नाही. किती वेळा आणि किती, यावर बोला. मासळी भिजवून पाणी टाकून द्यायचं आणि कालवणात वरून मीठ घालायचं नाही, हे मात्र ऐकलं जातं.

डिस्चार्जच्या गोळ्या आणि घरच्या गोळ्या एकाच टेबलावर मांडून बघा. घरच्या पाकिटावर एका कंपनीचं नाव, जनऔषधी दुकानातल्या पाकिटावर 'टेल्मिसार्टन' हे प्रेशरच्या औषधाचं मूळ नाव, आत औषध एकच. पेशंट दोन्ही घेतो आणि चार दिवसांनी चक्कर येऊन पडतो. क्षयाच्या पेशंटला लघवी लालसर-केशरी होईल हे पहिली गोळी देण्याआधी सांगा, नाहीतर रक्त जातंय समजून तो औषध बंद करतो. दीड-दोन महिन्यांनी बरं वाटायला लागतं तेव्हा उपचार सोडायची खरी भीती असते, तेही आधीच सांगून ठेवा.

भाषेची अडचण आली तर वॉर्डातल्या मावशींची मदत घ्या, गावठाणातली बोली त्यांना आपल्यापेक्षा चांगली येते. पण डोसचा आकडा तुम्ही स्वतः बोला, आणि पेशंटकडून स्वतः ऐका. दहा वर्षांच्या मुलाला आईच्या पाळीच्या त्रासाचा दुभाषी करू नका.

नोंद कशी करायची? एनएबीएच (रुग्णालयांचा दर्जा तपासणारं मंडळ) मानांकन असलेल्या रुग्णालयांत पेशंट-शिक्षणाचा फॉर्म असतो, ऑडिटला तो बघतात, आणि त्यामुळे तो डिस्चार्जच्या क्षणी एका दमात भरला जातो. 'इन्सुलिनबद्दल माहिती दिली, नातेवाइकांना समजली' ही नोंद पुढच्या शिफ्टच्या काही कामाची नाही. असं लिहा : 'सुनेने ४० च्या सिरिंजमध्ये १२ युनिट भरले, पहिल्यांदा बुडबुडा राहिला, दुसऱ्यांदा बरोबर. टोचणं अजून दाखवलेलं नाही.' रात्रीच्या सिस्टरला कुठून सुरू करायचं ते कळतं. पुढे डायबिटीस एज्युकेटर, डायलिसिस, स्टोमा केअर (शौच-लघवीसाठी पोटावर केलेल्या वाटेची काळजी), स्तनपान समुपदेशन अशा वाटेने जायचं असेल तर ही सवय आतापासूनच लावा. तिथल्या मुलाखतीत इन्सुलिन पेन हातात देऊन 'मला पेशंट समजून शिकवा' म्हणतात.

डिस्चार्जनंतर दोन-तीन दिवसांनी फोन करायची पद्धत तुमच्याकडे असेल तर 'बरं आहे ना?' विचारून ठेवून देऊ नका. काल संध्याकाळी किती युनिट घेतले? सिरिंजच्या टोपणाचा रंग कुठला? आज कुठे टोचलं? बाटली आत्ता कुठे आहे? आणि वापरलेल्या सुया कशात टाकता? या शेवटच्या प्रश्नाला 'कचऱ्याच्या डब्यात' असं उत्तर आलं तर फिनेलची जाड रिकामी बाटली घ्यायला सांगा, सुया तिच्यात टाकून झाकण घट्ट लावायचं आणि भरली की पुढच्या तपासणीला येताना सोबत आणायची.