तर्क तपासताना या चुका टाळा

सोसायटीच्या पुनर्विकासाची सभा. कोणीतरी उठून म्हणतं, "कमिटीने पैसे खाल्ले असतील तर ती हिशोब दाखवणार नाही. हिशोब दाखवलेला नाही. म्हणजे पैसे खाल्लेच!" हॉलभर माना डोलतात. पटलं म्हणजे सिद्ध झालं, असं धरून चालणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

माना डोलल्या हा मनाचा व्यवहार झाला. निष्कर्ष त्या विधानांतून निघतो का, हा प्रश्न निराळा. तपासायचा सोपा उपाय असा: मजकूर बदला, आकार, म्हणजे युक्तिवादाचा सांगाडा, तोच ठेवा. मुंबईत जलद लोकल असेल तर ती एरवी शीव (सायन) स्थानकात थांबत नाही. ही गाडी थांबली नाही. म्हणून ही जलद लोकल. पण मेल-एक्स्प्रेसही शीवला न थांबताच जाते! आकार इथे फसला, म्हणजे सभेतही फसलेलाच होता. ऑडिट रखडलं असेल, खजिनदार गावी गेला असेल. (यावरून कमिटी स्वच्छ आहे असंही ठरत नाही.)

"पण माणसं असाच विचार करतात ना?" करतात. 1966 साली पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने मांडलेलं पत्त्यांचं कोडं आपल्या अक्षरांत करून पाहा. प्रत्येक पत्त्यावर एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला संख्या. समोर दिसतात अ, क, 4 आणि 7. नियम असा: एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या. नियम पाळलाय का हे बघायला कोणते पत्ते उलटाल? उत्तर आहे अ आणि 7, कारण 7 च्या मागे स्वर निघाला तर नियम मोडतो. बहुतेकांच्या हातून 7 सुटतो. तर्कशास्त्र म्हणजे माणसं कसा विचार करतात याचं नुसतं वर्णन असतं, तर बहुमताचं हे उत्तरच बरोबर ठरलं असतं. एखादी गोष्ट सत्य असणं आणि लोकांनी ती सत्य मानणं यांतला फरक जर्मन तर्कशास्त्रज्ञ गोटलोब फ्रेगे यांनी 1893 मध्ये याच कारणासाठी ठासून मांडला. 1900 मध्ये तत्त्वज्ञ एडमुंड हुसर्ल यांनीही तर्काचे नियम मानसशास्त्रातून काढण्याला सविस्तर विरोध केला. मला हा मुद्दा फार मोलाचा वाटतो, कारण एकट्या पडलेल्या माणसाचाही तर्क बरोबर असू शकतो, हे त्यामुळेच म्हणता येतं.

मुद्दा मांडणाऱ्याबद्दल "तो बिल्डरचा माणूस आहे" म्हणणं हेही उत्तर नव्हे. त्याने दिलेले आकडे जरूर पडताळा. पण त्या आकड्यांवरून निष्कर्ष निघतो की नाही, हे त्याच्या हेतूवर ठरत नाही.

आता भाषा. "सगळ्या लोकल शीवला थांबत नाहीत." म्हणजे एकही थांबत नाही, की काही थांबत नाहीत? वाक्य एकच, विधानं दोन; पहिलं खोटं, दुसरं खरं. वाद रंगण्याआधी नेमकं कोणतं विधान करायचंय, ते बोलणाऱ्याकडूनच वदवून घ्या.

शेवटची चूक उलट दिशेची: निष्कर्ष खोटा निघाला म्हणजे तर्कच चुकला, असं मानणं. माटुंगा-मुलुंड दरम्यान जलद मार्गावर मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी मार्ग बंद) असलेल्या रविवारी जलद गाड्या धिम्या मार्गावर वळवतात आणि त्या शीवलाही थांबतात. "जलद लोकल शीवला थांबत नाही, ही जलद आहे, म्हणून थांबणार नाही" असं म्हणणारा त्या दिवशी तोंडघशी पडतो. तरी त्याचा तर्क वैधच होता, म्हणजे निष्कर्ष विधानांतून निघतच होता; खोटं ठरलं ते पहिलं विधान. दुरुस्ती तिथेच करा.