आईजवळ बाई ठेवताय? चौकशी अशी करा

नौपाड्यात आईसाठी चोवीस तासांची बाई ठेवली, तेव्हा बायका पुरवणाऱ्या ब्युरोने व्हॉट्सॲपवर आधार कार्डाचा फोटो धाडला आणि 'व्हेरिफाय केलेली आहे' असं सांगितलं. पाचव्या दिवशी ती गावाला गेली आणि बदली मावशी आल्या. त्यांचं आधार ब्युरोने पाठवलं नाही, आम्हीही मागितलं नाही. अंथरुणाला खिळलेली आई पुढचे अकरा दिवस ज्यांच्या हाती होती, त्यांचं आडनावसुद्धा आम्हाला माहीत नव्हतं.

ब्रिटनमध्ये डीबीएस नावाची सरकारी संस्था २०१२ पासून आहे. परावलंबी प्रौढांची कामं ज्यांना करू द्यायची नाहीत, अशांची यादी ती ठेवते. आपल्याकडे ज्येष्ठांना छळणाऱ्यांची अशी यादी नाही. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद २०१८ मध्ये सुरू झाली, पण ती फक्त पोलीस पाहू शकतात. म्हणजे शोधाशोध आपल्यालाच करायची आहे.

सुरुवात मूळ आधार कार्डापासून करा. कार्ड हातात घ्या, त्यावरचा क्यूआर कोड आधारच्या अधिकृत ॲपने स्कॅन करा, आणि येणारा फोटो समोरच्या चेहऱ्याशी ताडून पाहा. कार्डावरचा पत्ता बहुधा गावचा असतो. दिव्याला, कळव्याला, तुर्भ्याला सध्या कुठे राहतात तो पत्ता वेगळा लिहून घ्या. घरच्या एका माणसाचा नंबर घ्या आणि मावशींच्या समोरच लावून पाहा.

मग पोलीस ठाणे. ठाणे शहर, कळवा, डोंबिवलीकडची मंडळी ठाणे पोलीस आयुक्तालयात येतात. वाशी, नेरूळ, खारघर, पनवेल नवी मुंबई आयुक्तालयात. अर्ज आपल्या घराच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात द्यायचा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली केंद्राने जे नमुना नियम दिले, त्यांत ज्येष्ठांनी विनंती केली की त्यांच्या घरकामगारांची पूर्वपीठिका पोलिसांनी तत्परतेने तपासावी, असं म्हटलं आहे. म्हणून अर्ज मुलाच्या नावाने न करता आई-वडिलांच्याच नावाने करा, त्यांची सही किंवा अंगठा घ्या. बाईंचे फोटो आणि आधारची प्रत जोडा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्यायला विसरू नका. आई-वडील एकटेच राहत असतील तर हद्दीतल्या ज्येष्ठांच्या यादीत त्यांचं नाव आहे का, हेही त्याच फेरीत विचारा.

बाई स्वतःही महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरून चारित्र्य पडताळणीचा दाखला काढू शकतात. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर नाव टाकून खटले शोधता येतात, पण जपून. एकाच नावाच्या दहाजणी निघतात. नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव जुळल्याशिवाय कुणावर शिक्का मारू नका. आणि खटला चालू आहे म्हणजे गुन्हा शाबित झाला असंही नाही.

'नर्स' म्हणून कुणी येत असेल तर महाराष्ट्र परिचर्या परिषदेचं नोंदणी प्रमाणपत्र मागा. ब्युरोच्या बहुतेक मावशी नर्स नसतात, आणि त्यात वाईट काही नाही. फक्त मग इंजेक्शन त्यांच्याकडून टोचून घेऊ नका.

एवढं सगळं करून हाती येतं ते इतकंच, की पोलिसांच्या दप्तरी नोंद नाही. जेवण भरवताना दटावणं, हाताला हिसका देणं, रात्री हाक मारली तरी न उठणं, हे कुठल्या दप्तरात सापडणार? ते सापडतं आधीच्या घरी. निदान दोन घरांचे नंबर घ्या आणि ब्युरोला मध्ये न घेता स्वतः फोन करा. 'बाई कशी होती?' असं विचारलं तर 'चांगली होती' एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा असं विचारा: पेशंटला कुशीवर कसं वळवायच्या? पेशंट चिडला की काय करायच्या? फोनवर किती असायच्या? काम कुणी सोडलं? शेवटी विचारा, 'पुन्हा ठेवाल का?' मी विचारलं तेव्हा पलीकडे एवढा वेळ शांतता होती की फोन कट झाला असं वाटलं. मग त्या आधीच्या घरच्या बाई म्हणाल्या, 'बघा बुवा, तुमचं तुम्ही ठरवा.' आम्ही ठरवलं.

ब्युरोकडून लेखी घ्या, की कागदपत्रांशिवाय बदली पाठवणार नाही. एटीएम कार्ड, पासबुक, दागिने कपाटात. कॅमेरा लावलात तर बाईंना सांगून लावा, आणि न्हाणीघरात अजिबात नको. रविवारची आंघोळ स्वतः घाला. आईच्या दंडावर चार बोटांचे निळसर ठसे आम्हाला असेच दिसले. वळ, जखमा, पाठीवरचे चट्टे दिसले तर तारखेसह फोटो काढा.

वेळ आलीच तर तातडीला ११२. सल्ल्यासाठी एल्डरलाइन ही ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७, सकाळी आठ ते रात्री आठ. व्यक्ती दिव्यांग असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे तहसीलदारांकडे, तक्रार देता येते. नवी मुंबईकरांनी एक लक्षात ठेवावं: वाशी-नेरूळ ठाणे जिल्ह्यात, तर खारघर-पनवेल रायगडात. कचेरी चुकली की हेलपाटा पडतो. त्रास देणारा घरचाच असेल तर मात्र वरची सगळी पडताळणी कुचकामी. तेव्हा शेजाऱ्यांनीच फोन लावायचा असतो.

आता आमच्याकडे आहेत त्या मावशींनी आधार दाखवलं, दोन घरांचे नंबर दिले आणि मग विचारलं, 'तुमच्याकडची आधीची बाई का गेली? तिचा नंबर द्या.' आम्ही दिला.