कुपा ओढायला जाताय? आधी तारली निवडायला शिका

मी मूळची वेंगुर्ल्याची. आमच्याकडे कुप्याला, म्हणजे ट्यूनाला, फारसा मान नव्हता. सुरमई परवडेना की कुपा यायचा. इथे सॅन डिएगोत त्याच कुप्याच्या भाऊबंदांसाठी लोक रात्रभर बोटीत झोपून मेक्सिकोच्या बाजूला जातात, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसू आलं होतं. आता दर उन्हाळ्यात मीही जाते. ओळखीतले मराठी लोक ‘कसं जायचं?’ विचारतात, म्हणून एकदा सगळं लिहून टाकते.

इथल्या पॉइंट लोमा भागात स्कॉट स्ट्रीटजवळ बोटींची लँडिंग, म्हणजे बोटी सुटायचे धक्के, शेजारीशेजारी आहेत. तिथे दोन प्रकारांनी जाता येतं. एक तर ‘ओपन पार्टी’त आपली एक जागा घ्यायची आणि वीस-पंचवीस अनोळखी माणसांबरोबर जायचं. नाहीतर दहाबारा मित्र जमवून अख्खी बोट चार्टर करायची. सहा प्रवाशांच्या छोट्या बोटीही मिळतात, पण पहिल्यांदा जाताना मोठीच घ्या. तिच्यावर झोपायला बंक असतात, गॅलीत (बोटीच्या स्वयंपाकघरात) गरम जेवण मिळतं आणि शिकवायला डेकहँड, म्हणजे बोटीवरचे मदतनीस, असतात. माझी आवडती ट्रिप दीड दिवसाची. रात्री निघायचं, दुसरा अख्खा दिवस मासे, तिसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर.

सोळा वर्षं आणि त्यापुढच्या प्रत्येकाला कॅलिफोर्नियाचं फिशिंग लायसन्स लागतं. बोट मेक्सिकोच्या हद्दीत जाणार असेल तर पासपोर्ट न्यायचा, आणि तिकडचा परवाना तिकिटात धरलाय का ते विचारून घ्यायचं. व्हिसावर असाल तर पैसे भरण्याआधी लँडिंगला फोन करा.

बोट लागण्याबद्दल. आमची माणसं म्हणतात, ‘मला नाही लागत, मी रेवस-भाऊचा धक्का केलाय.’ भाऊचा धक्का तासाभरात येतो हो. डॉक्टरांना विचारून मेक्लिझीनची गोळी निघायच्या आधीच घ्या. पोटात ढवळायला लागल्यावर घेतलेली गोळी गोळीसकट बाहेर येते. खाली बंकमध्ये कुढत पडू नका. बोटीच्या मध्यावर उभं राहून क्षितिजाकडे बघा, आलं चघळा. केळी मात्र नेऊ नका, इथल्या बोटींवर ती अपशकुनी मानतात. माझ्या पिशवीत केळ्याचे वेफर्स निघाले तेव्हा ते केळ्यात मोजायचे की नाही यावर दोन डेकहँडांचं एकमत होईना. शेवटी त्यांनीच खाऊन टाकले.

गळ, काठी, रीळ सगळं भाड्याने मिळतं. पहिल्या खेपेला विकत काही घेऊ नका. इथे कुप्याच्या दोन जाती मुख्य, यलोफिन आणि ब्लूफिन. दिवसाच्या यलोफिनला तीस-चाळीस पौंडांचा ताण सोसणारा तंगूस (गळाची दोरी) पुरतो, ब्लूफिनसाठी त्याहून जाड. रात्री ब्लूफिनसाठी जड धातूचं जिग (माशासारखं खोटं आमिष) खोल सोडतात, तेव्हा ऐंशी-शंभर पौंडांचा. कोणता बांधायचा ते डेकहँडला विचारा. गाठही त्याच्याकडूनच मारून घ्या, लाज कसली?

आता खरी गोष्ट, जिच्यावर सगळी ट्रिप ठरते: आमिष. बंदरातून बाहेर पडायच्या आधी बोट तरंगत्या पिंजऱ्यांपाशी थांबते आणि जिवंत तारल्या (सार्डीन) जाळीच्या पळ्यांनी टाकीत भरून घेते. पुढे कॅप्टनला मासा दिसला की तो बोट थांबवतो आणि सगळे टाकीकडे धावतात. हाताला लागेल ती पहिली तारली उचलायची नाही. बाजारात मांडलेल्या वाट्यांतून आपण बांगडा निवडतो ना, डोळे बघून, कल्ले बघून, तसंच इथे. पाठ हिरवीगार हवी, खवले शाबूत हवेत, नाकाला लाल जखम नको, आणि हातातून निसटायला धडपडत असेल तीच खरी. मुठीत आवळू नका, खवले गेले की ती मेलीच समजा. गळ नाकाच्या हाडातून आडवा काढा किंवा कल्ल्यामागच्या कडक भागातून. मग वारा तोंडावर येईल त्या बाजूच्या कठड्याशी उभं राहायचं, म्हणजे बोट मागे सरकते आणि तंगूस आपल्यापासून दूर जात राहतो. वजन लावायचं नाही. रीळ मोकळं सोडायचं, अंगठा अलगद ठेवायचा, तारली स्वतः पळाली पाहिजे. पळत नसेल तर दोन मिनिटांत बदला. मेलेल्या तारलीवर तासभर आशा लावून बसलेली माणसं मी पाहिलीत.

कुपा लागतो तेव्हा कळतंच. तंगूस एकदम दुप्पट वेगाने सुटतो, अंगठ्याखाली रीळ गरम होतं. तीनपर्यंत मोजा, काठीचं टोक माशाकडे धरून रिळाची लिव्हर पुढे ढकला आणि सर्कल हुक (टोक आत वळलेला गळ) असेल तर झटका देऊ नका. तो आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो.

यापुढची चूक मी स्वतः केली. पहिला मासा लागला आणि मी जागेवर पाय रोवून उभी राहिले, जणू रापण ओढतेय. मासा डावीकडे गेला, माझा तंगूस तिघांच्या तंगुसांवरून, चौथ्याच्या खालून. पाच जणांचा गुंता, आणि त्यात तंगूस तुटून दोन मासे गेले. मासा जाईल तिकडे आपण कठड्याच्या कडेने चालायचं, बोटीच्या पुढच्या टोकापर्यंत, परत मागे, लोकांच्या काठ्यांच्या वरून-खालून वाट काढत. डेकहँड ‘ओव्हर’, ‘अंडर’ ओरडतो तेव्हा विचार न करता तसं करायचं. बोटीजवळ आला की कुपा खाली गोल गोल फिरतो; तो वर येणाऱ्या अर्ध्या फेरीतच रीळ गुंडाळायचं. खाली पाण्यात रंग दिसला की ‘कलर’ म्हणून ओरडा, गॅफ (लांब दांड्याचा आकडा) घेऊन माणूस येतो.

मासा वर आला की त्याच्यावर तुमचा नंबर टाचतात, रक्त काढतात आणि तो थंड पाण्याच्या टाकीत जातो. याला उशीर होऊ देऊ नका. कुप्याचं अंग इतर माशांसारखं गार नसतं, ताजा कापला तर आतलं मांस हाताला कोमट लागतं. उन्हात पडून राहिला तर त्यात हिस्टमीन तयार होतं. शिळ्या बांगड्याने अंगावर गांध्या उठतात तेच हे, आणि शिजवून ते जात नाही. ब्लूफिन कॅलिफोर्नियात दिवसाला माणशी दोनच. बोटीवर कापून घेतला तर ठरलेले सहा तुकडे एकाच पिशवीत ठेवावे लागतात: चार लांब फाका, परासकट मानेचा भाग आणि पोटाची पट्टी. ब्लूफिन की यलोफिन हे तपासणाऱ्याला ओळखता यावं म्हणून. डेकहँडांना तिकिटाच्या पंधरा-वीस टक्के टिप द्या, ती त्यांनी कमावलेली असते.

एक मात्र विसरू नका: डोकी मागून घ्या. बहुतेक लोक सोडून जातात. त्रिफळं घालून कालवण केलं तर शेजारची कुडाळची मंडळी न बोलावता येतात. त्यासाठी मोठा कूलर न्या. माझ्या छोट्या कूलरमध्ये डोकं मावलं नाही, म्हणून घरापर्यंत ते मांडीवर घेऊन बसले होते.