स्टॉपवॉचची घंटा वाजली की आकडे गोठायचे – माझा अनुभव

यवतमाळकडच्या आमच्या गावात पोरं पोलीस भरतीसाठी १६०० मीटर धावतात. दर मिनिटाला घंटा देणारं स्टॉपवॉच पायथन-टिकिंटरमध्ये (पायथनची खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी) केलंय. घंटा वाजली की आकडे गोठायचे, एखादी तर वाजायचीच नाही. आफ्टरचा (ठरलेल्या वेळाने आकडे पुन्हा ताजे करायला लावणारी टिकिंटरची सोय) वेळ कमी केला, स्पीकर बदलला, फरक शून्य. डोकं पार भणाणलं.

चाललं ते असं. आधी विनसाउंडच्या (विंडोजवर आवाज वाजवणारं पायथनचं मॉड्यूल) प्लेसाउंडला एसएनडी_फाइलनेमसोबत एसएनडी_असिंक (आवाज मागे वाजत ठेवून प्रोग्राम पुढे नेणारा पर्याय) जोडलं. त्याशिवाय आवाज संपेपर्यंत विंडो अडकूनच राहते. आवाजाची फाइल वेव्हच (.wav) हवी. मग सेकंदात एकेक मिळवणं बंद करून टाइम.मोनोटॉनिकमधून (कधी मागे न जाणारं पायथनचं घड्याळ) सुरुवातीची वेळ वजा केली. शेवटी ‘बरोबर ६०’ऐवजी ‘६० किंवा जास्त’ तपासलं आणि घंटा वाजताच पुढची खूण ६० ने वाढवली. आफ्टर ५० मिलिसेकंद पुरतं. ब्लूटूथ स्पीकर पहिली टण गिळत असेल, तर फाइलच्या सुरुवातीला अर्धा सेकंद शांतता जोडा.