पासवर्ड विसरलात तर आधी पुतण्याला मुंबईला फोन लावू नका

आपल्याकडे आंबेवाल्यांचं नायतर होमस्टेवाल्यांचं फेसबुक बहुतेक वेळा कुणीतरी चाकरमान्याने गणपतीत आला असताना काढून दिलेलं असतं, नंबर त्याचा, ईमेल त्याचा, आणि विसर्जन झालं की तो गेला डोंबिवलीला. मग ऐन हापूसच्या सीझनमध्ये अ‍ॅप पासवर्ड मागतं आणि आपण त्याला सांगतो, अरे तिकडून बघ काय ते.

तिथेच घोळ होतो. अकाउंट नेहमी ज्या फोनवरून, ज्या ठिकाणाहून उघडतं तो फोन फेसबुक ओळखतं, अनोळखी फोनवरून प्रयत्न झाला तर संशय घेतं. म्हणून रिकव्हरी स्वतःच्या फोनवरून, घरच्या वायफायवर करा. लॉगिनच्या खाली ‘फरगॉट पासवर्ड’ असतं ते दाबा, नंबर किंवा ईमेल टाका, कोड येईल तो भरा, नवीन पासवर्ड ठेवा, झालं. कोड पुतण्याच्या नंबरवर जात असेल तर त्याला फोनवर घेऊनच बसा, कारण कोडची मुदत थोडीच असते. आणि पावसात लाईट गेली की थोड्या वेळाने टॉवरपण झोपतो, तेव्हा रेंज नसताना सारखं सारखं ‘रिसेंड’ दाबत बसू नका, नंतर सगळे कोड एकदम येतात आणि चालतो फक्त शेवटचा.

पासवर्ड माहितीय, नुसता बदलायचाय? सेटिंग्ज, अकाउंट्स सेंटर, ‘पासवर्ड अँड सिक्युरिटी’, ‘चेंज पासवर्ड’. इन्स्टाचंही तिथेच. त्याच पानावर ‘वेअर यू आर लॉग्ड इन’ आहे ते जरूर उघडा, विकून टाकलेला जुना फोन अजून आत बसलेला दिसतो कधीकधी, त्याला लॉगआउट करा. आणि हापूस123 हा पासवर्ड नाही हो, देवगडपासून गुहागरपर्यंत निम्म्या लोकांचा तोच असेल.

आत शिरलात की पहिलं काम म्हणजे स्वतःचा चालू नंबर आणि स्वतःचा ईमेल जोडणे. रिचार्ज न करता बंद पडलेल्या सिमचा नंबर 90 दिवसांनंतर कंपनी दुसऱ्याला देऊ शकते, मग तुमचा कोड त्या परक्या माणसाकडे! टू फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय, पण चालू करा, आणि आपल्याकडे एसएमएसपेक्षा ऑथेंटिकेटर अ‍ॅप बरं, ते रेंज नसली तरी कोड दाखवतं. सोबत रिकव्हरी कोड मिळतात, फोन हाताशी नसला तरी आत शिरायला, ते वहीत लिहून कपाटात ठेवा, फोनमध्ये फोटो काढून ठेवलात आणि फोनच होडीतून पाण्यात गेला तर काय उपयोग.

अजून एक, फेसबुक पेजला वेगळा पासवर्ड नसतोच. ते तुमच्या प्रोफाइलवरून चालतं. त्यामुळे कुणी ‘पेजचा पासवर्ड दे, फोटो टाकतो’ म्हणाला तर पासवर्ड न देता त्याला पेजचा अ‍ॅक्सेस द्या. पूर्ण अ‍ॅक्सेस घरातल्याच दोघांकडे असावा, एकाचं प्रोफाइल लटकलं तरी पेज चालू राहतं.

‘कॉपीराइट तोडलात, पेज बंद होणार, इथे लॉगिन करा’ असा मेसेज आला तर लिंक उघडूच नका. ओळखीच्याच्या नावाने ‘चुकून तुझ्या नंबरवर कोड आला, सांग जरा’ आलं तरी नाही, त्याला सरळ फोन करा. गुगलवर फेसबुकचा कस्टमर केअर नंबर शोधणं म्हणजे तर चोराला घरचा पत्ता देणं.

खरंच हॅक झालं असेल तर facebook.com/hacked वर जा, इन्स्टासाठी instagram.com/hacked वर. ईमेल बदलला गेला असेल तर तुमच्या जुन्या ईमेलवर तसं कळवणारा मेल येतो, त्यातून बदल मागे फिरवता येतो, पण पाठवणाऱ्याचा पत्ता नीट वाचून मगच. तुमच्या नावाने कुणी पेटीचे अ‍ॅडव्हान्स उकळले असतील तर ज्याचे पैसे गेले त्याला लगेच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावायला सांगा, आणि व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला टाका की या पेजवरून आलेल्या क्यूआर कोडवर पैसे पाठवू नका.