कॅम्पर ओढायचाय? गाडीला ४-पिनचा ७-पिन कनेक्टर असा करून घ्या

अमेरिकेत आपल्यातले बरेच जण आता उन्हाळ्यात कॅम्पर (गाडीमागे ओढायचा, राहण्याची सोय असलेला ट्रेलर) घेऊन नॅशनल पार्कला जायला लागलेत, पण एसयूव्हीला हिच (ट्रेलर जोडायचा मागचा सांधा) आहे, मागे चपटा ४-पिन कनेक्टर आहे, म्हणजे झालं असं कित्येकांना वाटतं. तसं नाहीये. ४-पिनमधून फक्त लाइट चालतात: तपकिरी वायर टेललाइट, पिवळी डावा सिग्नल आणि ब्रेकलाइट, हिरवी उजवा, पांढरी ग्राउंड. कॅम्परच्या चाकातल्या इलेक्ट्रिक ब्रेकसाठी त्यात वायरच नसते. ७-पिनमध्ये ती निळी वायर मिळते, शिवाय कॅम्परची बॅटरी चार्ज करणारी १२ व्होल्टची लाइन आणि मधल्या पिनवर रिव्हर्स लाइट.

नुसता अॅडॉप्टर खोचून मोकळे होऊ नका. प्लग मस्त बसतो, लाइट लागतात, ब्रेक मात्र लागत नाहीत. कॅलिफोर्नियात १५०० पाउंड किंवा जास्त वजनाच्या कॅम्परला ब्रेक कायद्याने लागतात, बऱ्याच राज्यांत ही मर्यादा ३००० पाउंड आहे, पण कायदा बाजूला ठेवा, घाटात मुलंबाळं गाडीत असताना मागून तेवढं वजन ढकलतंय हे लक्षात घ्या.

आधी गाडीचं मॅन्युअल बघा. टो पॅकेज (कंपनीनेच बसवलेली ट्रेलर ओढायची सोय) असेल तर डॅशबोर्डखाली ब्रेक कंट्रोलरचा (गाडीतून कॅम्परचे ब्रेक चालवणाऱ्या यंत्राचा) प्लग बहुतेकदा तयारच असतो, मग काम फार सोपं. नसेल तर तुमच्या मॉडेलचं ७-पिन किट किंवा मोकळ्या वायरी सोडलेला ४ ते ७ अॅडॉप्टर घ्या.

काम सुरू करताना बॅटरीची निगेटिव्ह काढा. सॉकेट हिचजवळ ब्रॅकेटवर बसवा, ४-पिन त्यात जोडा. मग बॅटरीपासून मागेपर्यंत १० गेजची (गेज म्हणजे वायरची जाडी, आकडा लहान तितकी वायर जाड) वायर टाका, आणि बॅटरीच्या अगदी जवळ ३० किंवा ४० अॅम्पचा सर्किट ब्रेकर लावा (किटमध्ये सांगितलाय तोच), म्हणजे वायर कुठे घासून शॉर्ट झाली तरी आग लागणार नाही. एक्झॉस्टपासून लांब ठेवा, दर फूटभर टाय मारा.

ब्रेक कंट्रोलरला चार वायरी असतात. काळी बॅटरीला, तिला स्वतःचा ब्रेकर, दोन अॅक्सलपर्यंत २० अॅम्प पुरतो. पांढरी ग्राउंड. लाल ब्रेक पेडलच्या स्विचवरच्या त्या वायरला जिच्यात पेडल दाबल्यावरच करंट येतो, बॅटरी काढण्याआधीच टेस्ट लाइटने खात्री करून ठेवा. निळी थेट मागच्या सॉकेटला, १२ गेज.

रंगावर विसंबू नका हं! कॅम्परच्या बाजूला बऱ्याचदा हिरवी टेललाइट आणि तपकिरी उजवा सिग्नल असते, म्हणून सॉकेटच्या मागे कोरलेली नावं बघून पिनप्रमाणे जोडा. आणि नव्या गाड्यांत टेललाइटच्या वायरी कापून जोड देऊ नका, गाडीचा कॉम्प्युटर तक्रार करतो, त्यासाठी बॅटरीवर चालणारं कन्व्हर्टर मॉड्यूल मिळतं.

सगळ्यात जास्त वेळ ग्राउंडला द्या, कारण लाइट मंद होणं, सिग्नल दिला की टेललाइट पण लुकलुकणं, ब्रेक कमी लागणं, यामागे बहुतेकदा ग्राउंडच असतो. चासीवरचा रंग खरवडून चकचकीत धातूवर रिंग टर्मिनल घट्ट बसवा. जोडांना हीट श्रिंकवाले क्रिम्प, पिनांना डायइलेक्ट्रिक ग्रीस.

आता बॅटरी जोडा, मल्टिमीटरने प्रत्येक पिन तपासा, मग कॅम्पर लावा. कंट्रोलरचा हँड लिव्हर कुणालातरी दाबायला सांगा आणि तुम्ही कॅम्परच्या चाकाजवळ कान लावा, मॅग्नेटची बारीक गुणगुण ऐकू आली पाहिजे. नंतर मोकळ्या सपाट रस्त्यावर ताशी २५ मैलांवर लिव्हर पूर्ण दाबून बघा, चाकं लॉक होईपर्यंत गेन (कंट्रोलरवरचं ब्रेकच्या जोराचं सेटिंग) वाढवा आणि मग जरासा कमी करा. कॅम्पर भरलेला असेल तेव्हा हे परत करायचं.

चार्ज लाइन काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही चालू राहते, तेव्हा कॅम्पग्राउंडवर पोचलात की प्लग काढून ठेवा, नाहीतर रात्रभर फ्रिज गाडीच्या बॅटरीवर चालेल.