नवी भाषा शिकता शिकता मोठी वेबसाइट हाती घेताय? या चुका टाळा

सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानासाठी मी शेतकऱ्याला मालाच्या विक्रीनंतर मिळणाऱ्या हिशोबपट्टीची वेबसाइट करत होतो. तोवर माझी सगळी कामं पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत झालेली. गो ही दुसरी भाषा शिकायची होतीच, म्हणून हे काम गोमध्येच करायचं ठरवलं. चाचणीच्या दुसऱ्याच दिवशी दिवाणजींचा फोन आला. "साहेब, बत्तीस पोती भरली होती मी. पट्टीवर शून्य दिसतंय. शेतकरी समोर बसलाय, काय सांगू त्याला?"

कारण सापडायला दीड दिवस गेला. दिवाणजींच्या मोबाइलवर मराठी कीबोर्ड होता, त्यांनी ३२ हा आकडा देवनागरीत लिहिला होता. मजकुराचा पूर्णांक करणारं गोचं नेहमीचं फंक्शन देवनागरी आकडे घेत नाही. ते शून्य देतं आणि सोबत एरर देतं. ती एरर मी अंडरस्कोर (_) लावून, म्हणजे न बघताच, टाकून दिली होती. चूक कुठे आहे हे भाषेनं मला सांगितलं होतं, मी ते ऐकलंच नव्हतं.

दीड दिवस का गेला, ते जास्त महत्त्वाचं आहे. मी आधी डेटाबेस तपासला, मग फॉर्म, मग सर्व्हर. भाषा नवी, सर्व्हरची मांडणी नवी आणि यार्डातला हिशोबही माझ्यासाठी नवा होता. एवढं सगळं एकदम नवं असलं की बिघाड कशात आहे हेच कळत नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की एका वेळी एकच गोष्ट नवी ठेवा. भाषा नवी असेल तर काम ओळखीचं घ्या. काम नवं असेल तर ते आधी येत असलेल्या भाषेत कच्चं करून बघा.

यादी मोठी, पाया कच्चा

माझ्या पहिल्या आराखड्यात रोजचे दर, शेतकऱ्यांचं लॉगिन, एसएमएस, खरेदीदारांची बोली, सगळं होतं. त्यातलं खरं काम एकच होतं: वजन गुणिले दर, वजा हमाली, वजा तोलाई, आणि हातात पडणारी रक्कम. तेवढंच आधी करायला हवं होतं. कारण तेवढ्यातच भाषेचे निम्मे खड्डे भेटतात.

एक खड्डा असा. हळदीचा दर क्विंटलवर असतो. समजा वजन ५२ किलो आणि दर १५,३५० रुपये. पीएचपीच्या सवयीनं मी ५२ भागिले १०० करून त्याला दरानं गुणलं. गोमध्ये दोन्ही पूर्णांक असले की भागाकारही पूर्णांकच येतो, म्हणजे ५२ भागिले १०० चं उत्तर शून्य आणि पट्टीही शून्य. आधी गुणा, मग भागा, म्हणजे ७,९८२ येतात. पैसे दशांशात ठेवू नका. ०.१ आणि ०.२ ची बेरीज संगणकात नेमकी ०.३ होत नाही, हे बहुतेक भाषांना लागू आहे. सगळा हिशोब रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांकात ठेवा.

दिवाणजींकडून जुन्या दहा हस्तलिखित पट्ट्या घ्या आणि त्याच तुमच्या टेस्ट करा. उत्तर पैशापर्यंत जुळेपर्यंत लॉगिनच्या पानाला हात लावू नका.

जुन्या भाषेची सवय

सगळ्यात जास्त त्रास यानं दिला. पीएचपीत साधारणपणे पान उघडायची प्रत्येक विनंती आली की पाटी कोरी होते, काम झालं की सगळं पुसलं जातं. गोचा सर्व्हर मात्र एकच प्रोग्राम म्हणून दिवसभर चालू राहतो आणि एकाच वेळी आलेल्या विनंत्या वेगवेगळ्या गोरूटीनमध्ये, म्हणजे सोबत चालणाऱ्या हलक्या कामांमध्ये, चालतात. मी "सध्याचा शेतकरी" ग्लोबल व्हेरिएबलमध्ये, म्हणजे सगळ्या प्रोग्रामला सामायिक असलेल्या जागेत, ठेवला होता. एकटा बसून तपासलं तेव्हा सगळं ठीक होतं. दोन मोबाइलवरून एकदम उघडलं आणि एकाच्या पानावर दुसऱ्याचं नाव आलं. ही चूक गंभीर आहे, कारण पट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या वर्षाच्या कष्टाचा पैसा. विनंतीची माहिती फंक्शनला हातोहात द्या, ग्लोबलमध्ये ठेवू नका.

लक्षणं ओळखून ठेवा. पान रिफ्रेश केलं की यादीचा क्रम बदलतो? ती यादी मॅपवर, म्हणजे किल्ली आणि तिची किंमत अशा जोड्यांच्या साठ्यावर, फिरतेय आणि गोमध्ये मॅपचा क्रम ठरलेला नसतो. किल्ल्या वेगळ्या काढून क्रम लावा. गर्दीत सर्व्हर "कॉन्करंट मॅप राइट्स" म्हणून पडतो? दोन गोरूटीन एकाच मॅपमध्ये लिहितायत. म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) लावा आणि चाचणी रेस डिटेक्टर (अशी टक्कर पकडणारं गोचं साधन) चालू ठेवूनच करा.

मराठी नावांचाही घोळ होतो. "सांगली" या शब्दाची लांबी गोला विचारली तर १८ येते, कारण ती बाइट (साठवणुकीचं एकक) मोजते आणि यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. चिन्हं सहा, आपल्याला दिसणारी अक्षरं तीन. नाव दहा बाइटांवर कापलं की शेवटी तुटका चौकोन येतो. म्हणून अशी नावं कापूच नका, पट्टीवर जागा वाढवा.

फ्रेमवर्कचं, म्हणजे वेबसाइटच्या तयार सांगाड्याचं, थोडक्यात. पहिल्या महिन्यात घेऊ नका. २०२४ च्या १.२२ आवृत्तीपासून गोच्या मूळ लायब्ररीतलं राउटिंग (कुठल्या पत्त्याला कुठलं पान द्यायचं ते ठरवणं) बऱ्याच कामांना पुरतं. गोपाथ या एका ठरलेल्या फोल्डरमध्येच कोड ठेवा असं सांगणारा धडा दिसला तर तो सोडा, २०१८ पासून मॉड्यूल आली आहेत आणि कोड कुठल्याही फोल्डरमध्ये ठेवता येतो.

आता वेळापत्रक. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि नवी हळद यार्डात यायला लागली की दुकानात कुणाला श्वास घ्यायला फुरसत नसते. अशा हंगामाच्या तोंडावर नवी वेबसाइट चालू करायचा शब्द देऊ नका. मी दिला होता. आवक कमी असते त्या महिन्यांत चालू करा आणि पुढचा एक पूर्ण हंगाम हाताची वही सोबत चालू ठेवा. संध्याकाळी दोन्हीकडची बेरीज जुळवा.

बेरीज जुळली नाही तर आधी तारीख बघा. गोमध्ये तारखेचा नमुना २ जानेवारी २००६ या ठरलेल्या दिवसावरून लिहितात. आपल्या पद्धतीसाठी ०२-०१-२००६ लिहायचं. उलटं, ०१-०२-२००६ लिहिलं की महिना आधी धरला जातो आणि ५ मार्चची पट्टी ३ मेच्या पानावर जाऊन बसते.